घटनापंडित होर्मसजी सीरवाई

केरळ राज्याच्या उत्तर टोकास, कासरगोड गावापासून थोड्याच अंतरावर एडनीर नावाचा एक प्राचीन मठ आहे. आद्य शंकराचार्यांचे शिष्य तोटकाचार्य यांच्या परंपरेतील हा मठ. त्याचे अधिपती श्रीमत् केशवानंद भारती स्वामी यांनी १९७० साली मठाच्या जमिनी वाचविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला आणि पुढे तीन वर्षांनी त्या अर्जाच्या निमित्ताने भारताच्या घटनात्मक इतिहासातील सर्वांत मोठा निकाल लागला. स्वामीजींचे नाव त्यामुळे देशातील प्रत्येक वकिलाच्या जिभेवर बसले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या नानी पालखीवालांचे नावही घराघरांत पोहोचले. परंतु त्याच खटल्यात मठाच्या विरुद्ध, केरळ सरकारच्या वतीने, ज्यांनी बाजू मांडली त्या होर्मसजी माणेकजी सीरवाई यांचे चरित्र मात्र कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नसते. देवस्थानच्या स्मरणिकेत मठाच्या प्रतिपक्षाच्या वकिलाचे चरित्र द्यावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि धर्मसंस्था, तिची मिळकत आणि राज्यसत्ता यांचे परस्परसंबंध ज्यांना दररोज हाताळावे लागतात त्या महाजनांस या पारशी विधिज्ञाच्या आयुष्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

होर्मसजींचा जन्म ५ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. पारशी म्हटला की गिरण्या, गोद्या आणि मलबार हिलवरील बंगला अशी आपल्याकडे एक समजूत आहे. सीरवाई त्या वर्गातले नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान हा विषय घेतला व त्यात प्रथम श्रेणी मिळविली. तर्कशास्त्राची ही शिस्त त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसून येते. एखाद्या न्यायमूर्तीच्या निकालपत्रातील पहिले विधान आणि चाळिसावे विधान यांतील विसंगती शोधून काढणे, हा जणू त्यांचा छंदच होता. इंग्रजी काव्याची त्यांना मनापासून आवड होती. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून कायद्याचे शिक्षण पुरे करून १९३२ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला.

त्या काळी मुंबईच्या हायकोर्टात सर जमशेटजी कांगा यांचे चेंबर म्हणजे एक गुरुकुलच होते. पुढे देशभर गाजलेले कितीतरी विधिज्ञ त्या एका खोलीतून तयार झाले. सीरवाई त्याच चेंबरमध्ये दाखल झाले आणि काही वर्षांनी नानी पालखीवालाही तेथेच आले. एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले हे दोन शिष्य पुढे देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या खटल्यात एकमेकांसमोर उभे ठाकावेत, हा योगायोग महाभारताची आठवण करून देणारा आहे. दोघांची प्रकृती मात्र भिन्न. पालखीवालांच्या वाणीत ओघ होता, श्रोत्यांस जिंकून घेण्याची हातोटी होती. सीरवाईंचे सारे बळ पायरीपायरीने रचलेल्या युक्तिवादात होते. एखादा मुद्दा न्यायासनास आवडत नाही असे दिसले तरी ते तो सोडीत नसत.

१९५७ साली त्यांची तत्कालीन मुंबई राज्याचे अ‍ॅडव्होकेट जनरल म्हणून नेमणूक झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा तेच पद त्यांच्याकडे चालू राहिले आणि १९७४ पर्यंत, म्हणजे एकंदर सतरा वर्षे, त्यांनी ते सांभाळले. या सतरा वर्षांत मंत्रिमंडळे बदलली, परंतु राज्याचा कायदेविषयक सल्लागार तोच राहिला. भारताच्या अ‍ॅटर्नी जनरलचे पदही त्यांच्यापुढे आले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. दिल्लीस जाण्यापेक्षा मुंबईत राहून हातातील ग्रंथाचे काम पुढे नेणे त्यांस अधिक महत्त्वाचे वाटले. मानाची पदे नाकारणारी माणसे आपल्या देशात थोडी, आणि ग्रंथासाठी नाकारणारी त्याहून थोडी. १९७२ साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविले.

तो ग्रंथ म्हणजे भारताच्या घटनात्मक कायद्यावरील त्यांचे भाष्य. पहिली आवृत्ती १९६७ साली मुंबईच्या एन. एम. त्रिपाठी या प्रकाशनसंस्थेने काढली. घटनेवर भाष्ये त्यापूर्वीही झाली होती. कलमाखाली कलम, त्याखाली निकालांची जंत्री, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे आणि वकिलास तेवढे पुरतही असे. सीरवाईंनी वेगळा मार्ग धरला. न्यायालयाने अमुक ठरविले एवढे सांगून ते थांबत नाहीत. ठरविले ते बरोबर की चूक, चूक असेल तर चूक नेमकी कोठे झाली, हे ते दाखवितात. एखाद्या निकालाचा पाया ज्या जुन्या निकालावर रचलेला असेल तो जुना निकाल ते पुन्हा उघडतात आणि त्यात तसे म्हटलेच नव्हते हे दाखवून देतात. आपल्याकडील मीमांसकांची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हे लेखन परके वाटणार नाही. पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडावयाचा आणि मगच त्याचे खंडन करावयाचे, हा नियम त्यांनी बहुतांशी पाळला. मात्र खंडनाची भाषा कित्येकदा तिखट होई. न्यायमूर्तींच्या बाबतीत एवढे कठोर शब्द वापरणे कितपत उचित, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांसही पडे, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

गोमंतकीय वाचकांस या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १९६२ सालच्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले आणि येथील वकिलांस एका रात्रीत नव्या राज्यघटनेशी परिचय करून घ्यावा लागला. लिसेंवात शिकून पोर्तुगीज कायद्यावर पोसलेल्या त्या पिढीस मूलभूत हक्कांचे प्रकरण कोर्टात कसे लढवावयाचे हे प्रथमपासून शिकणे भाग होते. देवस्थानांच्या बाबतीत तर प्रश्न अधिकच नाजूक. १९३३ च्या मजानी नियमावलीने बांधलेली आपली देवस्थाने आता घटनेच्या २५ व २६ या कलमांच्या छत्राखाली आली होती. धर्माच्या अंतर्गत बाबी कोणत्या, आणि मिळकतीची व्यवस्था म्हणून सरकारने हात घालावा अशा कोणत्या, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात प्रथम स्पष्ट केला. पुढे १९५७ साली मुल्की येथील श्री वेंकटरमण देवस्थानचा निकाल लागला. हे देवालय गौड सारस्वत समाजाचे सांप्रदायिक देवालय आहे हे न्यायालयाने मान्य केले. तरीही सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू देवालयांत सर्व हिंदूंना प्रवेश देणारा कायदा त्यास लागू होतो असे ठरविले, आणि काही विशिष्ट विधींपुरता समाजाचा खास हक्क राखून ठेवला. आपल्या महाजनमंडळांच्या सभांमध्ये आजही जे वाद निघतात त्यांतील निम्म्यांचे मूळ या दोन निकालांत सापडेल. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्यास त्यांना वगळून पुढे जाताच येत नाही.

ग्रंथ लिहून होण्यापूर्वीच सीरवाईंच्या हातून एक विलक्षण प्रकरण गेले होते. १९६४ च्या मार्च महिन्यात उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंग नावाच्या गोरखपूरच्या एका गृहस्थास सभागृहाच्या अवमानाबद्दल तुरुंगात पाठविले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यास जामीन दिला. तेव्हा विधानसभेने काय करावे? त्या दोन न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणावे, असा ठराव तिने केला. उच्च न्यायालयातील अठ्ठावीस न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्या ठरावाची अंमलबजावणी थांबविली. राज्याची दोन अंगे अशी एकमेकांवर धावून गेलेली पाहून राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली सात न्यायमूर्ती बसले. विधानसभेची बाजू सीरवाईंनी मांडली. सभागृहाच्या विशेषाधिकारांचा प्रश्न सभागृहानेच सोडवावयाचा, न्यायालयाने त्यात पडावयाचे नाही, हा त्यांचा युक्तिवाद सहा न्यायमूर्तींनी नाकारला. सीरवाईंस तो निकाल पटला नाही आणि आपल्या ग्रंथात त्यांनी तसे सविस्तर लिहिले. वकील हरला की अशिलास दोन समजुतीचे शब्द सांगून पुढच्या खटल्याकडे वळतो. सीरवाईंच्या बाबतीत खटला संपला तरी वाद संपत नसे.

लोकनियुक्त विधिमंडळाच्या अधिकारांवर त्यांची अशी दृढ श्रद्धा होती. इंग्लंडच्या संसदीय परंपरेत वाढलेल्या त्यांच्या पिढीस ते स्वाभाविकच होते. म्हणूनच २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी मूलभूत हक्कांना संसदेस घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही असे ठरविले, तेव्हा सीरवाईंनी त्या निकालावर कडक टीका केली. घटना ज्यांनी लिहिली त्यांनी ३६८ व्या कलमात दुरुस्तीची रीत घालून दिली. त्या रीतीने केलेली दुरुस्ती बेकायदा कशी ठरावी, हा त्यांचा प्रश्न होता. जमीनदारी नष्ट करणारे कायदे, कूळकायदे, कमाल जमीनधारणेचे कायदे यांचे भवितव्य त्या निकालात गुंतले होते. १९६४ च्या कूळकायद्यानंतर गोव्यातील देवस्थानांच्या शेतजमिनींचे काय झाले हे येथील महाजनांस सांगावयास नको. एका बाजूस देवाच्या उत्पन्नावर चालणारी पूजा, नैवेद्य, उत्सव; दुसऱ्या बाजूस पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसणारे कूळ. यांतील न्याय्य काय, याचे उत्तर सोपे नाही. सीरवाईंच्या मते ते उत्तर देण्याचा अधिकार शेवटी मतदारांस जबाबदार असलेल्या सभागृहाचा होता.

एडनीर मठाचा अर्ज याच वळणावर आला. केरळचा १९६३ चा जमीनसुधारणा कायदा आणि त्यातील १९६९ व १९७१ च्या दुरुस्त्या यांमुळे मठाच्या जमिनी जाण्याची वेळ आली होती. अर्ज प्रलंबित असतानाच संसदेने गोलकनाथ निकाल पुसून टाकण्यासाठी १९७१ साली चोविसावी व पंचविसावी घटनादुरुस्ती केली, आणि १९७२ साली एकोणतिसाव्या दुरुस्तीने केरळचे ते कायदे नवव्या अनुसूचीत नेऊन ठेवले. मठाच्या जमिनीचा दावा त्यामुळे बाजूस राहिला आणि संसदेस घटना कोठपर्यंत बदलता येते हा एकच प्रश्न उरला. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी सुनावणी सुरू झाली ती २३ मार्च १९७३ पर्यंत चालली. कामकाज अडुसष्ट दिवस झाले. तेरा न्यायमूर्ती एकत्र बसले. एवढे मोठे पीठ त्यापूर्वी कधी बसले नव्हते.

पालखीवालांचे म्हणणे थोडक्यात असे होते की दुरुस्ती म्हणजे विध्वंस नव्हे. घटनेने निर्माण केलेल्या संसदेस त्या घटनेचाच आत्मा नाहीसा करता येणार नाही, मग कलमात तसे लिहिलेले असो वा नसो. सीरवाईंनी केरळच्या वतीने दिलेले उत्तर तितकेच भक्कम होते. जी मर्यादा घटनेत लिहिलेली नाही ती न्यायमूर्तींनी आपल्या मनाने घालावयाची, तर उद्या घटनेचे अंतिम स्वामी न्यायमूर्तीच होतील. आत्मा, चौकट, गाभा हे शब्द सुंदर आहेत, पण त्यांची व्याख्या कोणी करावयाची? अधिकाराचा दुरुपयोग होऊ शकतो एवढ्यावरून अधिकारच नाही असे म्हणता येत नाही; दुरुपयोग करणाऱ्यास मतदार जाब विचारतील. न्यायासनावरील न्यायमूर्तींच्या टेबलावर ज्यांचा ग्रंथ होता तेच समोर उभे राहून हे सांगत होते.

लिसेंवात शिकलेल्या गोमंतकीयास या वादात एक ओळखीची खूण सापडते. १९११ च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या घटनेत असे स्पष्ट कलम होते की प्रजासत्ताक राज्यपद्धती रद्द करणारी दुरुस्ती चर्चेसही घेता येणार नाही. म्हणजे मर्यादा घालावयाची तर ती लिहून घालता येते. भारताच्या घटनाकारांनी ती घातली नाही, हा सीरवाईंच्या बाजूचा मुद्दा झाला. परंतु त्याच पोर्तुगालने १९३३ साली सालाझारच्या राजवटीत दुसरी घटना आणली. तिच्या आठव्या कलमात नागरिकांच्या हक्कांची लांबलचक यादी होती, आणि त्याच कलमाच्या खालच्या परिच्छेदात विचारस्वातंत्र्याचे नियमन खास कायद्यांनी होईल अशी तरतूदही होती. त्या तरतुदीच्या आधारे गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर कसा चालला, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. मतदार जाब विचारतील हे म्हणणे जेथे मतपेटी खरी असते तेथेच खरे ठरते, हा पालखीवालांच्या बाजूचा मुद्दा.

२४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. अकरा वेगवेगळी निकालपत्रे, आणि शेवटी सात विरुद्ध सहा. गोलकनाथचा निकाल रद्द झाला, चोविसावी व एकोणतिसावी दुरुस्ती वैध ठरली, पंचविसावीचा बराचसा भागही टिकला. म्हणजे सीरवाईंनी मागितलेले पुष्कळसे त्यांस मिळाले. परंतु न्यायमूर्ती खन्ना यांच्या निर्णायक मताने हेही ठरले की दुरुस्तीच्या अधिकारात घटनेची मूलभूत चौकट मोडण्याचा अधिकार येत नाही. मठास जमिनींचा दिलासा मिळाला नाही, आणि सरकारला निरंकुश अधिकार मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्यायमूर्ती राय यांस सरन्यायाधीश नेमण्यात आले, यावरून सरकारला तो निकाल किती झोंबला याची कल्पना येते.

यानंतर दोनच वर्षांत जे घडले त्याने सीरवाईंच्या विचारास नवे वळण दिले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली होती व त्यावरील अपिलाची सुनावणी ११ ऑगस्ट रोजी व्हावयाची होती. ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. ९ तारखेस राज्यांच्या विधानसभांनी तिला संमती दिली आणि १० तारखेस राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक त्या दुरुस्तीने न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. एवढ्यावरच थांबले नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान व राज्यपाल यांच्यावर आयुष्यात कधीही फौजदारी खटला चालू नये अशा अर्थाचे आणखी एक विधेयक ९ ऑगस्टला राज्यसभेने मंजूर केले; ते लोकसभेपुढे मात्र आलेच नाही. विरोधी पुढारी तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर बंधने होती. मतदारांनी जाब विचारावा तरी कसा?

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा मुख्य भाग रद्द केला, तो मूलभूत चौकटीच्या सिद्धांतावरच. अवघ्या दोन वर्षांपूर्वी सीरवाईंनी ज्या सिद्धांतास सर्व शक्तीनिशी विरोध केला होता त्यानेच आता लोकशाहीस एक आधार दिला होता. सीरवाईंनी हे सारे डोळ्यांआड केले नाही. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत त्यांनी केशवानंद प्रकरणाचा सगळा प्रपंच पुन्हा तपासला आणि घटनादुरुस्तीच्या अधिकारास मूलभूत चौकटीची मर्यादा आहे हा निष्कर्ष स्वीकारला. आपण भर न्यायालयात मांडलेला युक्तिवाद आपल्याच ग्रंथात सोडून देणे ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. वकिलाचा अभिमान, ग्रंथकाराची प्रतिष्ठा आणि प्रतिस्पर्ध्याचा विजय या तिन्ही गोष्टी त्यात आडव्या येतात. शिवाय त्यांचा मूळ आक्षेप, म्हणजे चौकट कोणती हे कोण ठरविणार हा प्रश्न, पूर्णपणे सुटलेला नव्हता आणि आजही सुटलेला नाही. तरीही अनुभवाने जे शिकविले ते त्यांनी लेखी नोंदविले. पक्षकाराची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्म आणि सत्य वाटेल ते लिहिणे हा भाष्यकाराचा. या दोन धर्मांची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही.

आणीबाणीतील दुसऱ्या एका निकालाने ते अधिक व्यथित झाले. स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो, असे देशातील नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरविले. आणीबाणी चालू असता बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचे, आणि पुढे जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद देताना त्यांनाच डावलण्यात आले. सीरवाईंनी या निकालावर १९७८ साली स्वतंत्र पुस्तक लिहून त्याची चिकित्सा केली. चारही न्यायमूर्तींची निकालपत्रे त्यांनी तपासली आणि ती का टिकत नाहीत हे दाखविले. हे चारही जण त्या काळी थोर कायदेपंडित म्हणून मान्यता पावलेले होते, त्यांपैकी न्यायमूर्ती चंद्रचूड तर त्या वेळी सरन्यायाधीश होते आणि महाराष्ट्राचे भूषण मानले जात. सीरवाईंची लेखणी कोणासाठीच थांबली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल औपचारिकपणे रद्द ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे सीरवाईंच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी. आणि तो रद्द करणाऱ्या प्रमुख निकालपत्राचे लेखक होते न्यायमूर्ती चंद्रचूडांचेच चिरंजीव.

अ‍ॅडव्होकेट जनरलचे पद सोडल्यानंतरची दोन तपे सीरवाईंनी मुख्यतः ग्रंथासाठी वेचली. एका माणसाने, कोणत्याही विद्यापीठाच्या वा सरकारी खात्याच्या आश्रयावाचून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या वाढत्या पुराशी सामना देत राहावे हे काम सोपे नव्हते. एक आवृत्ती छापून होते न होते तोच पुढचे निकाल येऊन पडत. दुसरी आवृत्ती एका खंडातून अनेक खंडांत गेली, तिसरी १९८३ च्या सुमारास निघू लागली. पत्नी फिरोजा यांची त्यांस या कामात साथ होती. परदेशातील विद्वानांनीही या ग्रंथाची दखल घेतली आणि ब्रिटिश अकादमीने त्यांस सन्मान्य सदस्यत्व दिले.

मध्यंतरी त्यांनी एक निराळाच विषय हाती घेतला. ब्रिटिश सरकारने सत्तांतराची कागदपत्रे अनेक खंडांत प्रसिद्ध केली, तेव्हा सीरवाईंनी ती एखाद्या खटल्यातील पुराव्याप्रमाणे वाचून काढली आणि भारताच्या फाळणीवर १९८९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. फाळणीचा सारा दोष एकट्या जिनांच्या माथी मारता येत नाही, काँग्रेस नेतृत्वाकडेही त्याचा वाटा जातो, असा त्यातील निष्कर्ष. तो पुष्कळांस रुचला नाही, आणि इतिहासाचा निवाडा कोर्टातील निवाड्याप्रमाणे कागदपत्रांवरून करता येतो का, अशी शंका घेण्यास जागाही आहे.

उतारवयातही त्यांचे वाद थांबले नाहीत. न्यायमूर्तींच्या नेमणुकांत सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य देणारा १९९३ चा निकाल आला, तेव्हा वयाची सत्त्याऐंशी वर्षे गाठत असलेल्या सीरवाईंनी त्यावर कठोर टीका केली. घटनेच्या शब्दांत जे नाही ते न्यायमूर्तींनी स्वतःसाठी वाचून घेतले, हा त्यांचा आक्षेप होता. केशवानंद खटल्यात केरळच्या वतीने उभ्या राहिलेल्या सीरवाईंचा आवाज त्या टीकेत पुन्हा ऐकू येतो.

चौथ्या आवृत्तीचा पहिला खंड १९९१ साली आणि दुसरा १९९३ साली निघाला. तिसऱ्या व अखेरच्या खंडाचे काम त्यांनी आजारपण व वार्धक्य यांस न जुमानता पुरे केले. तो खंड १९९६ चा आहे. त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत होर्मसजी सीरवाईंचे निधन झाले. एडनीरचे केशवानंद भारती स्वामी त्यानंतर आणखी चोवीस वर्षे मठाच्या गादीवर होते. ६ सप्टेंबर २०२० रोजी ते समाधिस्थ झाले. सीरवाईंच्या ग्रंथाची चौथी आवृत्ती आहे तशीच पुन्हा पुन्हा छापली जात राहिली.